कॅशलेस झालं म्हणजे मोफत झालं का?

रुग्णालयाच्या काउंटरवर सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो या दोन गोष्टींत: विम्याचं कॅशलेस आणि सरकारी योजनेतले मोफत उपचार. दोन्हीकडे सुरुवातीला कार्ड दाखवायचं, कागद द्यायचे आणि मंजुरीची वाट पाहायची असते. त्यामुळे नातेवाइकांना दोन्ही सारखंच वाटतं. वॉर्डातली सिस्टरही चांगल्या मनानेच सांगते, "काळजी करू नका, कॅशलेस आहे." तिला बिलाचं काही सांगितलेलंच नसतं. बऱ्याच डॉक्टरांनाही आपल्या रुग्णाची पॉलिसी काय देते आणि काय कापते, याची कल्पना नसते.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, रुग्णाचं जेवण, घरी परतण्याचं भाडं हे सगळं त्यातच येतं आणि पैसे रुग्णालयाला योजनेकडून मिळतात. मंजूर पॅकेजसाठी रुग्णाकडे वेगळे पैसे मागता येत नाहीत. 2024 पासून संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब 5 लाखांपर्यंत गेलं आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांचाही समावेश झाला. मात्र रुग्णालय योजनेत असलं तरी तुमचा उपचार तिथे योजनेत बसतो का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, विचारा. कुणी पैसे मागितले तर 155388 वर तक्रार करता येते.

कॅशलेसमध्ये विमा कंपनी तिच्या वाट्याचे पैसे थेट रुग्णालयाला देते, एवढंच. उरलेले तुमचेच. हातमोजे, मास्क अशा किरकोळ वस्तू अनेक पॉलिसींत कापल्या जातात. खरा फटका बसतो तो खोलीमुळे, आणि हेच कुणी आधी समजावत नाही.

समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला 4,000 रुपये आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली. चार दिवसांचे 32,000 झाले, त्यातले 16,000 तुमच्यावर. लोकांना वाटतं, फरक एवढाच. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचं कलम असेल, तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्या 90,000 च्या बिलातूनही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापले जातात. म्हणजे आणखी 45,000. डिस्चार्जच्या वेळी 61,000 भरा म्हणतात, तेव्हा घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचे दर यांना ही कपात लावायची नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. अंतिम मंजुरीच्या पत्रात ते जरूर तपासा.

खोली निवडायचा प्रश्न येतो तेव्हा रुग्ण वेदनेत असतो आणि नातेवाईक घाबरलेले. "डीलक्स रिकामी आहे, देऊ का?" असं विचारणाऱ्याने त्याच दमात "तुमची रूम लिमिट किती?" हेही विचारलं पाहिजे. एका मिनिटाचं काम आहे, आणि ते काउंटरवरच्या माणसाचं आहे असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. ते पाहून टीपीए डेस्ककडून (रुग्णालयातला विम्याचं काम पाहणारा काउंटर) खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यावर "विमा किती देणार, आम्ही किती भरायचे" असे दोन आकडे वेगळे लिहून मागा. प्लॅन केलेलं ऑपरेशन असेल तर हे दाखल व्हायच्या आधीच उरकता येतं.