गोवर

गोवर हा विषाणूमुळे होणारा, श्वासावाटे पसरणारा आणि मुख्यतः लहान मुलांना होणारा सांसर्गिक रोग आहे. रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेली आणि पूर्वी गोवर न झालेली दहा माणसे रुग्णाच्या निकट सहवासात आली, तर त्यांपैकी नऊ जणांना तो होतो.

सुरुवात ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल, पाणावलेले डोळे यांनी होते. गालाच्या आतल्या बाजूला दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले. पुरळ नंतर उठते आणि कानामागून, चेहऱ्यावरून खाली पायांपर्यंत उतरते. त्याआधी चार दिवसांपासून मूल संसर्ग पसरवत असते. त्यामुळे ‘गोवर निघाला’ हे घरच्यांना कळेपर्यंत तो बहुधा शेजारी पोचलेला असतो.

एकदा गोवर झालेल्याला सहसा पुन्हा होत नाही. १८४६ मध्ये फेरो बेटांवर साथ आली, तेव्हा डॅनिश वैद्य पीटर पानुम यांनी याचा पुरावा टिपला : १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिले. मात्र स्वतःची ओळख अशी पक्की ठेवणारा हा विषाणू इतर रोगजंतूंची शरीराला झालेली ओळख पुसून टाकतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतू ओळखून त्यांना रोखणारी रक्तातील प्रथिने, नाहीशी झाल्याचे आढळले. पुरळ मावळले म्हणजे संकट टळले, असे समजणे म्हणूनच चुकीचे. गोवराने दगावणारी मुले बहुतेक न्यूमोनिया, अतिसार किंवा मेंदूज्वराने दगावतात. कुपोषित मुलांची दृष्टीही जाऊ शकते.

विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी देतात, त्याने अंधत्व आणि मृत्यू, दोन्हींचा धोका कमी होतो. अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत निरुपद्रवी आहे. पथ्य म्हणून मुलाचे खाणे तोडणे मात्र घातक. या दिवसांत त्याला पातळ, पौष्टिक अन्न जास्तच लागते.

लस १९६३ पासून उपलब्ध आहे. भारतात ती १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरणात आली. आता गोवर-रुबेला लसीचे दोन डोस, ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांच्या वयात, देतात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम कमी करतात. तरीही २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि मुंबईच्या इतर दाट वस्त्यांत साथ पसरली, तेव्हा सहा महिन्यांवरील तान्ह्या मुलांनाही जादा डोस देण्याचे ठरले. हा डोस नेहमीच्या दोनांत धरला जात नाही. ते दोन्ही वेळेवर घ्यावेच लागतात.