सदतीस गुणांचा सामना: चेंडू दाबून ठेवण्यामागचे गणित

बास्केटबॉलच्या विक्रमांच्या याद्या समाजमाध्यमांवर फिरत असतात आणि त्यांत जॉर्ज मायकन या खेळाडूचा एक विक्रम हमखास आढळतो: संघाच्या एकूण गुणांपैकी 83 टक्के गुण त्याने एकट्याने मिळवले. आकडा खरा आहे. 22 नोव्हेंबर 1950 रोजी मिनिॲपोलिस लेकर्स संघाने फोर्ट वेन पिस्टन्सविरुद्ध 18 गुण केले, त्यांपैकी 15 मायकनचे होते. मात्र हा सामना लेकर्स 19–18 असा हरले आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतला आजवरचा हा सर्वांत कमी गुणांचा सामना आहे, हे त्या याद्यांमध्ये क्वचितच सांगितले जाते. अंश तेवढा मोठ्या अक्षरांत छापायचा आणि छेद गाळायचा, ही आकडेवारीच्या जाहिरातबाजीची जुनी रीत आहे आणि वाचकाने तिच्यापासून सावध राहिले पाहिजे.

त्या सामन्याच्या नोंदी तुटपुंज्या असल्या तरी त्यांतून बरेच काही वाचता येते. त्या काळी प्रत्येक बास्केट दोन गुणांची असे आणि फाऊलनंतर मिळणारा फ्री थ्रो एका गुणाचा; तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये 1979 साली आली. लेकर्सच्या चारही बास्केट मायकनने केल्या. त्यांचे 8 गुण वजा केले की त्याचे उरलेले 7 गुण फ्री थ्रोचे होते आणि बाकी सर्व सहकाऱ्यांच्या वाट्याला मिळून 3 फ्री थ्रो आले, हे आपोआप कळते. पिस्टन्सच्याही बास्केट चारच. म्हणजे 48 मिनिटांच्या खेळातल्या 37 गुणांपैकी 21 गुण फ्री थ्रोंमधून आले. लेकर्सने बास्केटच्या दिशेने 18 वेळा चेंडू फेकला, पिस्टन्सने 13 वेळा. एकूण 31 प्रयत्न, म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. शेवटच्या सत्रात तर पिस्टन्सचे 3 आणि लेकर्सचा 1 एवढेच गुण झाले आणि अखेरच्या काही सेकंदांत पिस्टन्सच्या लॅरी फाउस्टच्या बास्केटने निकाल लागला.

हे असे का घडले? चेंडू किती वेळ जवळ ठेवायचा यावर तेव्हा कोणतेच बंधन नव्हते. सहा फूट दहा इंच उंचीचा मायकन बास्केटजवळ उभा असताना तिथे शिरण्यापेक्षा चेंडू लांबच आपसांत खेळवत ठेवायचा, असे पिस्टन्सने ठरवले. प्रेक्षकांना ते मुळीच आवडले नाही. गणिताच्या दृष्टीने मात्र तो निर्णय अचूक होता आणि तो का अचूक होता हे पाहण्यासारखे आहे.

बास्केटबॉलमध्ये ताबा, म्हणजे चेंडू हाती असताना गुण करण्याची एक संधी, साधारणपणे आळीपाळीने मिळतो. एका संघाने चेंडू बास्केटमध्ये टाकला की तो दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे स्वतःच्या संधी कमी करणारा संघ प्रतिस्पर्ध्याच्या संधीही तेवढ्याच कमी करतो. आता असे समजा की बलवान संघ दर ताब्यात बास्केट करण्याची शक्यता 0.5 आहे, दुबळ्या संघाची 0.4 आहे आणि प्रत्येक ताबा स्वतंत्र आहे, म्हणजे आधीच्या यशापयशाचा पुढच्यावर परिणाम होत नाही. दोघांना प्रत्येकी 100 ताबे मिळाले, तर बलवान संघ सरासरी 10 बास्केटने पुढे राहील. पण ही सरासरी झाली; प्रत्यक्ष फरक तिच्या आजूबाजूला हेलकावे घेतो आणि त्या हेलकाव्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. एका ताब्यासाठी यशाची आणि अपयशाची शक्यता यांचा गुणाकार करायचा, दोन्ही संघांचे गुणाकार मिळवायचे (0.25 अधिक 0.24, म्हणजे 0.49), त्या बेरजेला ताब्यांच्या संख्येने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. 100 ताब्यांसाठी 49 चे वर्गमूळ, म्हणजे 7 बास्केट. आघाडी 10 ची आणि हेलकावा 7 चा, म्हणून दुबळा संघ शंभरांतले सात-आठच सामने जिंकेल.

आता तेच दोन संघ, तेच कौशल्य, पण ताबे प्रत्येकी 16 च आहेत असे समजा. सरासरी आघाडी 1.6 बास्केटवर येते, हेलकावा मात्र 2.8 राहतो. आघाडी ताब्यांच्या संख्येच्या प्रमाणात घटली, हेलकावा तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटला. त्यामुळे दुबळ्या संघाच्या विजयाची शक्यता जवळजवळ 28 टक्क्यांवर जाते. एकाही खेळाडूची नेमबाजी न सुधारता ही शक्यता साडेतीन पटींहून अधिक झाली, कारण मोठ्या संख्यांच्या नियमाला (प्रयत्न जितके जास्त, तितका निकाल सरासरीच्या जवळ) आपले काम करायला वावच मिळाला नाही. कसोटीपेक्षा वीस षटकांच्या क्रिकेट सामन्यात धक्कादायक निकाल अधिक लागतात, त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण आहे. आदल्या हंगामात लेकर्स विजेते ठरले होते आणि घरच्या 31 सामन्यांपैकी एकच हरले होते. असा संघ हरला की नजर लागली, साडेसाती सुरू झाली असे म्हणणारे लोक कुठेही भेटतात. येथे मात्र वर्गमुळापलीकडे काहीही शोधण्याची गरज नाही.

याच कारणाने दर सामन्यामागचे गुण हे माप फसवे आहे आणि अभ्यासक आता दर 100 ताब्यांमागचे गुण मोजतात. 1950 च्या सामन्यांसाठी ते नेमके काढता येत नाही, कारण ताबे मोजण्यासाठी लागणाऱ्या, चेंडू गमावण्याच्या नोंदी एनबीए तेव्हा ठेवत नसे आणि खेळाडू किती मिनिटे खेळला हेदेखील 1951 पूर्वी लिहिले जात नसे.

नियम बदलायला आणखी चार वर्षे लागली. सिरॅक्यूज नॅशनल्स संघाचे मालक डॅनी बायसोन यांचा हिशेब सरळ होता: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 वेळा बास्केटवर नेम धरतात, सामना 2880 सेकंदांचा असतो, तेव्हा एका प्रयत्नाला 24 सेकंद. ताबा मिळाल्यावर 24 सेकंदांत बास्केटवर चेंडू फेकलाच पाहिजे, हा नियम 1954–55 च्या हंगामात लागू झाला आणि त्याच वेळी सांघिक फाऊलांवरही मर्यादा आली. दर सामन्यातली संघाची सरासरी गुणसंख्या एका हंगामात 79.5 वरून 93.1 वर गेली. एप्रिल 1955 मध्ये त्या हंगामाच्या अंतिम फेरीचा सातवा आणि निर्णायक सामना झाला, तो बायसोन यांचा सिरॅक्यूज संघ आणि तोच फोर्ट वेन पिस्टन्स यांच्यात. या वेळी पिस्टन्स हरले. फरक पुन्हा एकाच गुणाचा होता, पण गुणफलकावर 92–91 असे आकडे होते.