सत्तरी (गोवा) : ऋतूनुसार प्रवासाचे नियोजन

सत्तरी हा उत्तर गोवा जिल्ह्यातील सह्याद्रीला खेटून असलेला डोंगराळ, ग्रामीण तालुका. मुख्य ठिकाण वाळपई. पणजीहून साखळीमार्गे सुमारे ४५ किमी. गोव्यातील सर्वांत उंच शिखर सोसोगड (सुमारे ११६७ मी.) याच तालुक्यात आहे. कर्नाटकात देगावजवळ उगम पावणारी म्हादई सत्तरीतून गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी म्हणून पणजीपाशी समुद्राला मिळते. तालुक्याचा मोठा भाग १९९९ साली घोषित झालेल्या, सुमारे २०८ चौ. किमी. क्षेत्राच्या म्हादई अभयारण्यात येतो. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध राणे घराण्यातील सरदारांनी केलेली बंडे हीही सत्तरीची ओळख. दिपाजी राणे यांनी १८५२ मध्ये वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला ताब्यात घेऊन बंड सुरू केले होते.

किनाऱ्यावरच्या मुक्कामातून ‘एक दिवस डोंगरात’ असा बेत आखून येणाऱ्यांना सत्तरी फारशी दिसत नाही. येथे आधी महिना ठरवावा, मग गाव. प्रवासाच्या दृष्टीने वर्षाचे चार भाग पडतात आणि प्रत्येक भागात पाहण्याची ठिकाणे, रस्ते, जेवण, धोके सगळे बदलते.

पावसाळा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू होतो. वाळपई हे गोव्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. चरावणे, हिवरे, पाली, सात्रे या गावांच्या डोंगरांतील धबधबे याच काळात भरून वाहतात आणि बहुतेक पर्यटक तेवढ्यासाठीच येतात. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओहोळाला अचानक लोंढा येतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. दर पावसाळ्यात गोव्यात बुडून माणसे दगावतात. जुलै २०२३ मध्ये अशाच दुर्घटनांनंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. म्हणून निघण्याआधी त्या आठवड्यातला आदेश काय आहे ते वन खात्याकडे विचारावे आणि वाटेत गावकऱ्याने ‘पुढे जाऊ नका’ म्हटले तर मुकाट्याने परत फिरावे. म्हादईत पावसाळ्यात राफ्टिंग चालते. पाण्याचा जोर अनुभवायचा असेल तर प्रशिक्षित माणसांसोबतचा हा मार्ग निसरड्या खडकांपेक्षा कितीतरी बरा. जळवा सर्वत्र असतात. गोवा-बेळगाव रस्त्यावरील चोर्ला घाटात धुके दाट आणि दरडीची भीती असते, त्यामुळे घाट दिवसाउजेडीच पार करावा.

श्रावणाच्या सुमारास वारुळांवर रानटी अळमी (अळंबी) उगवतात आणि रस्त्याकडेला विकायला येतात. ती ओळखणे जाणत्याचेच काम आहे. आपण रानात शिरून शोधू नयेत.

चवथ ते दिवाळी. माझ्या मते अभ्यासू प्रवाशासाठी हा सर्वांत समृद्ध काळ. गणेश चतुर्थीला गोव्यात गणपतीच्या मूर्तीच्या वर माटोळी, म्हणजे फळे-फुले टांगलेली लाकडी चौकट, बांधतात. कांगला, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घड अशी कित्येक रानफळे आणि बागायती फळे तिच्यात असतात. चवथीच्या आदल्या दिवसांत वाळपईच्या बाजारात हा रानमेवा घेऊन आसपासच्या गावांतील बायका बसतात. तासभर तिथे उभे राहिले तरी या डोंगरांत काय काय पिकते आणि ते कोणाला ठाऊक आहे, हे कळते. मात्र चवथीत घरे पाहुण्यांनी भरलेली असतात, तेव्हा राहण्याची सोय आधी करावी. भाताची कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते.

थंडी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा काळ. सुर्ल्याच्या पठारावर रात्री किनाऱ्यापेक्षा बऱ्याच गार असतात. गरम कपडे न्यावेत. बांबर येथील ‘निरंकाराची राय’ ही देवराई अवश्य पाहावी. रानजायफळाच्या कुळातील झाडांची ही दलदल आहे. चिखलात श्वास घेता यावा म्हणून झाडांची मुळे जमिनीबाहेर वळून पुन्हा आत शिरतात. ही देवराई टिकली ती देवाच्या धाकाने आणि गावाच्या शिस्तीने, म्हणून तेथे चपला, आवाज आणि कचरा यांबाबत गावाचा नियम तोच आपला नियम मानावा. डिसेंबरनंतर आणखी एक दक्षता घ्यावी लागते : २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर राहतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पालापाचोळ्यावर बसू नये. माकड मेलेले दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

शिगमो आणि काजूचे दिवस. फाल्गुनात गावोगाव शिगमो (शिमगा) असतो. घोडेमोडणी (लाकडी घोडा कमरेला बांधून केलेला नाच), करवल्यो, रणमाले (लोकनाट्य), तसेच झर्मे गावातील माणसांना विधी म्हणून काही वेळ जमिनीत पुरण्याचा चोरोत्सव ही सत्तरीची परंपरा. हे विधी आहेत, प्रयोग नव्हेत. तिथी गाव ठरवते, म्हणून तारीख गावातूनच विचारून घ्यावी आणि विधी चालू असताना छायाचित्रासाठी वाट अडवू नये. मार्च ते मे काजूचा हंगाम. काजूच्या बोंडांच्या रसाची दारू गाळण्याच्या भट्ट्या पेटतात, पहिल्या धारेचा हुर्राक निघतो. याच महिन्यांत रान सुकलेले असते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात अनेक दिवस आगी पेटत होत्या, तेव्हा या काळात रानात विडी-सिगारेट किंवा चूल पेटवू नये.

नावांचा घोळ प्रवाशाला खरोखर भोवतो. केरी सत्तरीत आहे, तशी पेडण्यात समुद्रकाठीही आहे. सत्तरीतील डोंगरमाथ्यावरचे सुर्ला वेगळे आणि कदंबकालीन महादेव मंदिराचे तांबडी सुर्ला वेगळे. दुसरे धारबांदोडा तालुक्यात आहे. नकाशात गावापुढे तालुका लिहून शोधावे.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्थानक सोयीचे. पणजी, साखळी, फोंडा येथून वाळपईला बस मिळते, पण आतल्या गावांना फेऱ्या थोड्या आणि संध्याकाळी लवकर संपतात. पेट्रोल, रोकड, औषधे वाळपईतच घ्यावीत. पुढे फोनची रेंज जाते. अभयारण्यातील पायवाटांना वन खात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा.