कीड, चूक की चोरून ऐकणारा कान?

'बग', म्हणजे किडा, या इंग्रजी शब्दाची एक गोष्ट संगणकवाले हमखास सांगतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ संगणकाच्या एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग नावाचा किडा अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला आणि तेव्हापासून संगणकातल्या चुकीला 'बग' म्हणू लागले. गोष्ट झकास, शेवट मात्र चुकीचा. पतंगाशेजारी लिहिलंय, की बग खरोखरच सापडल्याची ही पहिलीच वेळ! म्हणजे शब्द आधीपासून तोंडात होता, म्हणून तर विनोद. थॉमस एडिसननं १८७८मधल्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग'च म्हटलं आहे.

त्यातून कीटकशास्त्रज्ञाला विचाराल, तर तो पतंग मुळात बगच नव्हे. त्यांच्या लेखी खरे बग हेमिप्टेरा गणातले, सोंड खुपसून शोषणारे: ढेकूण, मावा, तुडतुडे. बोलण्यात मात्र कुठलाही किडा बग, पोट बिघडवणारा जंतू बग आणि हेरांनी खोलीत लपवलेला मायक्रोफोनही बग. क्रियापद केलं, तर एखाद्याला भंडावून सोडणं.

मग ऐकणारा गोंधळत कसा नाही? संदर्भावरून कळतं, असं आपण म्हणतो. पण कधी कळतं? मानसभाषाशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना एक उतारा ऐकवला: एका माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडतात. 'बग' कानावर पडताक्षणी पडद्यावर काही अक्षरं झळकत आणि तो खरा शब्द आहे का, हे झटपट सांगायचं असे. 'मुंगी' लवकर ओळखली गेली, त्यात नवल नाही. नवल हे, की 'हेर'सुद्धा लवकर ओळखला गेला. संबंध नसलेल्या 'शिवणे'ला मात्र वेळ लागला. कोळी-झुरळांचा एवढा स्पष्ट उल्लेख असूनही मेंदूनं मायक्रोफोनवाला अर्थ उघडला होता! 'बग'नंतर उतारा तीनच उच्चारांनी पुढे गेल्यावर चाचणी घेतली, तेव्हा 'मुंगी'चा फायदा टिकून होता, 'हेर'चा संपला होता.

पुढच्या प्रयोगांत चित्र इतकं सरळ राहिलं नाही. जास्त वापरातला अर्थ आधी वर येतो, दुबळ्याला संदर्भाचा टेकू लागतो. आणि या सगळ्या उलाढालीत हेर डोकावून गेला, याची ऐकणाऱ्याला दादही नसते.