लॅसो अर्ध्यात तुटतो: सिग्नल जातोय की बटण सुटतंय?

वायरलेस माउसने फोटोशॉपमध्ये लॅसो (हाताने रेघ काढून फोटोतला भाग निवडायचं टूल) फिरवताना सिलेक्शन अर्ध्यात तुटलं की सल्ले ठरलेले असतात. सेल बदला. डाँगल (यूएसबीत बसणारा माउसचा छोटा रिसीव्हर) काढून परत लावा. तेवढ्याने भागलं नाही तर प्रेफरन्सेस रिसेट करा, आणि शेवटी फोटोशॉपच पुन्हा टाका. यात अख्खी दुपार जाते आणि दोष जिथल्या तिथे राहतो, कारण दोन अगदी वेगळ्या बिघाडांना सगळे मिळून एकच नाव देतात: ‘माउस डिस्कनेक्ट होतोय’.

पहिला बिघाड खरोखरच डिस्कनेक्ट होण्याचा, म्हणजे माउस आणि डाँगल यांच्यामधल्या रेडिओ सिग्नलचा. दुसरा डाव्या बटणाखालच्या मायक्रोस्विचचा, म्हणजे बटण दाबलं की टिक वाजणाऱ्या छोट्या स्विचचा. त्याचा वायरलेस असण्याशी संबंध नाही, वायरच्या माउसलाही तो होतो. सिलेक्शन तुटण्याच्या तक्रारींत हा दुसरा बिघाड सर्रास असतो आणि उपाय मात्र पहिल्यावरचे केले जातात.

सिग्नलबद्दल बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. डाँगल, ब्लूटूथ आणि जुनं वाय-फाय, सगळे 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी करून असतात. राउटर 5 गिगाहर्ट्‌झवर न्या. डाँगल सीपीयूच्या मागच्या बाजूला असेल तर पुढे आणा. एक गोष्ट मात्र अजून पुष्कळांच्या लक्षात येत नाही: यूएसबी 3 चं पोर्ट, केबल आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने 2012 सालीच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. म्हणून फोटोंची एक्स्टर्नल डिस्क आणि माउसचं डाँगल एकाच हबवर शेजारी शेजारी लावू नका. यूएसबी 2 ची अर्धा-एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन डाँगल माउसपासून वीतभर अंतरावर आणा. सिग्नलचा त्रास असेल तर बहुधा एवढ्यानेच जातो. आणि त्रास तसूभरही कमी झाला नाही, तर सेल आणि सेटिंग्जच्या मागे लागणं तिथेच थांबवा.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही बिघाडांत ‘सिलेक्शन बिघडलं’ एवढंच दिसतं, पण बिघडण्याची खूण वेगळी असते आणि ती स्क्रीनवर स्पष्ट उमटते.

माउस संगणकाला पाठवतो ते छोटे छोटे निरोप. प्रत्येक निरोपात दोन गोष्टी असतात: मागच्या वेळेपासून किती सरकलो, आणि कोणती बटणं या क्षणी दाबलेली आहेत. सिग्नल गेला की निरोपच येत नाहीत. नवा निरोप नाही म्हणून संगणक जुनीच स्थिती धरून बसतो, म्हणजे बटण दाबलेलंच समजतो. सिग्नल परत आल्यावर येणारा निरोपही ‘बटण दाबलेलं आहे’ असंच सांगतो. त्यामुळे पॉइंटर क्षणभर गोठतो, मग टुणकन पुढे जातो, आणि लॅसोच्या वळणदार रेघेत तेवढ्या भागात एक सरळ काप पडतो. सिलेक्शन चालूच राहतं, बंद होत नाही. उलट तुम्ही बटण सोडलं नेमकं त्याच वेळी सिग्नल गेला, तर सोडल्याचा निरोप उशिरा पोचतो आणि रेघ हाताला चिकटल्यासारखी पुढे ओढली जाते.

मायक्रोस्विच ढिला पडला की नेमकं याच्या उलट होतं. पॉइंटर कुठेही अडखळत नाही, लोण्यासारखा फिरत असतो. पण बोट दाबलेलं असतानाच आतला पत्र्याचा संपर्क काही मिलिसेकंद सुटतो आणि परत लागतो. फोटोशॉपला दिसतं की बटण सोडलं आणि पुन्हा दाबलं. सोडलं म्हटल्यावर लॅसो त्या जागेपासून थेट सुरुवातीच्या बिंदूपर्यंत सरळ रेघ मारून सिलेक्शन बंद करतो. लगेच आलेलं ‘दाबलं’ म्हणजे नवा लॅसो, त्यामुळे आधीचं सिलेक्शन पुसलं जातं. किंवा पॉइंटर त्या क्षणी बंद झालेल्या भागाच्या आत असेल, तर सिलेक्शनभोवतीची ती सगळी चालती तुटक रेघच माउसबरोबर सरकायला लागते. हे सरकणं पाहिलं की लोकांना हमखास वाटतं, फोटोशॉपमध्ये बग आहे. बग नाही. सिलेक्शनच्या आत दाबून ओढलं की बाह्यरेषा हलते, हे त्या टूलचं नेहमीचं वागणं आहे.

तर खूण अशी धरा: रेघेच्या मधोमध सरळ काप आणि काम पुढे चालू, तर सिग्नल. सुरुवातीच्या बिंदूकडे धावणारी सरळ रेघ, तर बटण. एक अपवाद आहे. ब्लूटूथची जोडणी पूर्ण तुटून परत जुळली तर सिलेक्शनही संपू शकतं, पण तेव्हा पॉइंटर आधी थंड पडलेला असतो. पॉइंटर वाहता आहे आणि तरी सिलेक्शन बंद झालं, मग ब्लूटूथला दोष देऊ नका.

‘बाकी सगळं नीट चालतं, फक्त फोटोशॉपमध्येच होतं’ या वाक्याने सगळा घोटाळा होतो. साध्या क्लिकला बोट एक दशांश सेकंदभर जोरात दाबलेलं असतं. केसांभोवतीचा किंवा साडीच्या पदराभोवतीचा लॅसो तीस-चाळीस सेकंद चालतो. तेवढ्या वेळात मनगट वळतं, बोटाचा दाब कमीजास्त होतो, आणि झिजलेला संपर्क त्यातल्या एखाद्या हलक्या क्षणी सुटतो. फाइल ओढताना मध्येच भलत्या फोल्डरमध्ये पडणं, मजकूर निवडताना निवड तुटणं, एका क्लिकला डबल क्लिक होणं, ही त्याच झिजेची लक्षणं आहेत. ती आधीपासून होत असतात, फक्त नोंदली जात नाहीत. पॉलिगोनल लॅसोत (क्लिक करत सरळ रेघा जोडत जायचा लॅसो) तर डबल क्लिक म्हणजे ‘सिलेक्शन बंद कर’ अशी आज्ञाच असते. त्यामुळे तिथे चौथ्या-पाचव्या बिंदूलाच काम आटोपतं.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माउसचं प्रायमरी बटण उजवं करा आणि तोच लॅसो उजव्या बटणाने फिरवा. सिग्नल तोच, डाँगल तेच, सेल तेच, फोटोशॉपही तेच. बदलला तो फक्त स्विच. पाच-सहा वेळा फिरवूनही सिलेक्शन तुटलं नाही, तर डावा स्विच गेला आहे. यापेक्षा स्वच्छ चाचणी नाही, आणि ती न करता नवा माउस आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं. दुसरी चाचणी, प्रायमरी बटण परत डावं करून, विंडोजच्या पेंटमध्ये करा. पेन्सिलने, बटण न सोडता, अर्धा मिनिट गोल गोल रेघ काढा. रेघेत फट पडली तर बटण. फट नाही पण गोलाला कोपरे आले तर सिग्नल.

पॉइंटर सुरळीत चालतो आणि रेघ मात्र मागून फरफटत येते, असं असेल तर दोन्ही निर्दोष आहेत. फाइल जड आहे किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडतो आहे. नवी रिकामी फाइल उघडून तिथे लॅसो फिरवून पाहा. चौकोनी सिलेक्शन प्रत्येक वेळी एकाच आकाराचं येतं? वरच्या पट्टीत स्टाइल ‘फिक्स्ड साइझ’वर राहिली आहे. कोपरे गोल येतात? फेदर (सिलेक्शनची कड मऊ करणारं सेटिंग) शून्य करा. बटण सोडलं तरी सिलेक्शन सुटतच नाही? विंडोजचं क्लिकलॉक (बटण दाबून न धरता ओढता यावं म्हणून असलेली सोय) चालू आहे. थोडं थांबून हलवलं की पहिला धक्का वाया जातो? माउस झोपेतून उठतो आहे. यातलं काहीच दुरुस्तीचं नाही.

स्विच गेला आहे आणि काम आजच द्यायचं आहे, तर वेळ निभावता येते. लॅसो सुरू करा आणि सुरू केल्यानंतर ऑल्ट दाबून धरा. ऑल्ट दाबलेलं असताना बटण सुटलं तरी सिलेक्शन बंद होत नाही, टूल तात्पुरतं पॉलिगोनल होतं, आणि पुन्हा दाबून पुढे जाता येतं. क्रम उलटा करू नका, कारण आधीचं सिलेक्शन असताना ऑल्ट आधी दाबला तर त्यातून वजाबाकी होते. दुसरी सोय म्हणजे वरच्या पट्टीत ‘ॲड टू सिलेक्शन’ लावून तुकड्या-तुकड्याने निवडणं. एक तुकडा तुटला तरी आधीचे राहतात. चांगल्या माउसवरही हीच सवय बरी. एका दमात अख्खी बाह्यरेषा काढण्यात काही शौर्य नाही. गिंप या फोटो एडिटरमध्ये फ्री सिलेक्ट (तिथला लॅसो) वापरणाऱ्यांना हा त्रास कमी जाणवतो, कारण तिथे बटण सुटल्यावरही रेघ पुढे जोडता येते.

कायमचा उपाय स्विच बदलणं. अनेक माउसमध्ये ओमरॉनच्या डी2एफ घराण्यातला किंवा त्याच मापाचा स्विच असतो: 12.8 × 5.8 × 6.5 मिलिमीटर, तीन पाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. जुना स्विच सोबत न्या, म्हणजे माप चुकत नाही. माउसचे स्क्रू बहुधा खालच्या घसरपट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात. उघडण्याआधी सेल काढा, आणि आत चार्ज होणारी बॅटरी असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. जुना स्विच काढण्यापूर्वी त्याचं छोटं बटण कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवा. ते मध्यावर नसतं, आणि उलटा बसवला तर वरचं प्लास्टिक त्यावर नीट टेकत नाही. तिन्ही पाय सोल्डरमधून मोकळे होईपर्यंत स्विच ओढू नका, नाहीतर बोर्डावरचा तांब्याचा थर उचकटतो.

नवा स्विच मिळेपर्यंत डाव्या-उजव्या स्विचांची अदलाबदल करा. उजवा बहुतेक त्याच मापाचा असतो, फारच कमी वापरलेला असतो, आणि उजवं बटण दाबून धरायची वेळ क्वचितच येते. काँटॅक्ट क्लीनरचा थेंब टाकून काही दिवस निघतात, पण पत्रा झिजलेला असेल तर दुखणं परत येतं. तेलकट स्प्रे आत अजिबात मारू नका. त्याचा थर संपर्कावर बसतो आणि धूळ धरून ठेवतो. सोल्डरिंग जमत नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. फक्त ‘माउस डिस्कनेक्ट होतो’ असं सांगू नका, नाहीतर तोही सेल बदलून परत देईल. ‘डावा मायक्रोस्विच बदला’ असं सांगा.