स्फटिकात उरणारी उष्णता

१९६० साली थिओडोर मेमन यांनी झेनॉनच्या दिव्याचा लखलखाट कृत्रिम माणकाच्या दांडीवर सोडला आणि जगातला पहिला लेसर झोत निघाला. माणकातील क्रोमियमचे निम्म्याहून अधिक आयन उच्च ऊर्जापातळीवर चढवल्याखेरीज प्रकाशवर्धन सुरूच होत नाही, त्यामुळे त्याला भरमसाट ऊर्जा लागते. १९६४ मध्ये आलेल्या निओडिमियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या ‘याग’ (यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिकात ही अट सुटली. तरीही दिव्याला पुरवलेल्या विजेपैकी साधारण एक ते तीन टक्केच लेसरच्या रूपाने बाहेर पडत असे.

याचे कारण असे, की दिवा सगळ्या वर्णपटावर प्रकाश उधळतो, पण निओडिमियम त्यातले मोजकेच पट्टे शोषतो. अर्धवाहक डायोडने हा अपव्यय मोठ्या प्रमाणात थांबवला, कारण त्याचा प्रकाश नेमका ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीवर, म्हणजे निओडिमियम जिथे सर्वाधिक शोषतो तिथेच, आणून बसवता येतो.

तरीही एक तोटा उरतोच. ८०८ नॅनोमीटरचा फोटॉन आत जातो आणि १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे कमी ऊर्जेचा, बाहेर येतो. मधली सुमारे २४ टक्के ऊर्जा स्फटिकातच उष्णता होऊन राहते. माझ्या मते खरी अडचण ही उष्णताच आहे. दांडी बाहेरून थंड केली तरी गाभा तापलेलाच राहतो, त्यामुळे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचे माप, मध्यापासून कडेपर्यंत बदलत जातो, दांडी भिंगासारखी वागू लागते आणि झोत बिघडतो. ताण फारच वाढला तर स्फटिक तडकतो.

निओडिमियमऐवजी यटर्बियम हे मूलद्रव्य वापरल्यास ९४० नॅनोमीटर शोषून १०३० नॅनोमीटर मिळतात आणि हा तोटा नऊ टक्क्यांच्या आसपास येतो. त्याला जोड मिळाली ती पातळ चकतीची. एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीची ही चकती मागच्या बाजूने थंड धातूवर बसवलेली असते, त्यामुळे उष्णता झोताच्याच दिशेने मागे निघून जाते आणि भिंगाचा परिणाम बराच ओसरतो. इतकी पातळ चकती एका फेरीत थोडाच प्रकाश शोषते, म्हणून आरशांच्या साहाय्याने तोच प्रकाश तिच्यातून वीस-पंचवीस वेळा फिरवतात. ही रचना मला अतिशय देखणी वाटते.

यटर्बियमची मात्र एक अडचण आहे. त्याची खालची लेसर पातळी, म्हणजे लेसर प्रकाश दिल्यावर आयन जिथे उतरतो ती, मूळ म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या पातळीच्या इतकी जवळ असते, की सामान्य तापमानालाही तिथे काही आयन असतात आणि ते तयार झालेला लेसर प्रकाश पुन्हा गिळतात. द्रव नायट्रोजनने स्फटिक थंड केल्यास ती पातळी जवळजवळ रिकामी होते. पण मग त्या शीतकरणावर खर्च होणारी ऊर्जाही कार्यक्षमतेच्या हिशेबात धरावी लागते.