फळी, अंगठा आणि सेकंदाचे साठ तुकडे

१६ सप्टेंबर २०२५ रोजी ‘स्केट.’ हा स्केटबोर्डिंगचा व्हिडिओ गेम ‘अर्ली ॲक्सेस’ स्वरूपात, म्हणजे घडण अजून चालू असतानाच, खेळाडूंसाठी खुला झाला. नावापुढचा पूर्णविराम ही छपाईतली चूक नव्हे; मालिकेतल्या या चौथ्या भागाला आकडा न देता निर्मात्यांनी ते नावच तसे ठेवले आहे. ‘स्केट ३’ मे २०१० मध्ये आला होता, आणि नवा भाग तयार होत असल्याचे ईए कंपनीने जाहीर केले ते २०२० च्या जूनमध्ये. एखाद्या खेळाच्या पुढच्या भागासाठी लोक पंधरा वर्षे थांबतात, तेव्हा त्यांना केवळ अधिक देखणी चित्रे हवी असतात असे वाटत नाही, कारण ती दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये मिळतात. या मालिकेच्या चाहत्यांना हवी असते ती अंगठ्याखाली खरीखुरी फळी असल्याची जाणीव, आणि ही जाणीव कशी निर्माण होते हे समजून घ्यायचे असेल तर आधी खऱ्या फळीकडे पाहावे लागते.

स्केटबोर्ड म्हणजे मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली, साधारण ऐंशी सेंटिमीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद अशी, दोन्ही टोकांना वर वळलेली फळी. तिच्यावर पाय बांधलेले नसतात, हातही लावायचा नसतो, आणि तरीही स्केटर उडी मारतो तेव्हा फळी त्याच्या तळव्यांना चिकटल्यासारखी वर येते. या उडीला ‘ऑली’ म्हणतात. फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंड याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती वाडग्यासारख्या खोलगट उतारांवर प्रथम केली, आणि रॉडनी मलन याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सपाट जमिनीवर आणली. रस्त्यावरचे आजचे जवळजवळ सगळे स्केटबोर्डिंग या एका उडीवर उभे आहे.

विटीदांडू खेळलेल्या माणसाला ऑली समजावून सांगायला फार वेळ लागू नये. विटीच्या निमुळत्या टोकावर आपण दांडू वरून खाली मारतो, आणि विटी मात्र गिरकी घेत वर उडते, कारण खाली दाबलेल्या वस्तूला जमीन उलट ढकलत असते. ऑलीतही स्केटर मागच्या पायाने फळीची शेपटी झटक्यात खाली दाबतो, फळी मागच्या चाकांवर तरफेसारखी कलते, शेपटी जमिनीवर आपटते आणि त्या आघाताने सबंध फळी गिरकी घेत वर उसळते. एवढ्यावर सोडली तर ती विटीसारखीच भिरभिरत जाईल. इथे पुढच्या पायाचे काम सुरू होते. फळीच्या पाठीवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर असतो. त्यावरून बुटाची कड घासत पुढच्या टोकाकडे नेली की घर्षणाने फळी आणखी वर ओढली जाते, आणि शेवटी तोच पाय पुढचे टोक दाबून फळी आडवी करतो. फळी अर्धा मीटर उचलली गेली असे धरले, तर वर जाऊन खाली यायला गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ०.६४ सेकंद देते. हे सारे तेवढ्यात उरकावे लागते.

आता हे गेममध्ये कसे आणायचे? १९९९ साली आलेल्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ने सरळ मार्ग घेतला: एक बटण दाबून सोडले की उडी. तो गेम अतिशय गाजला, आणि त्यात उड्या इतक्या उंच व इतक्या लांबत असत की गुरुत्वाकर्षण जणू रजेवर गेले असावे. अर्थात त्याची मजाच त्यात होती. २००७ च्या पहिल्या ‘स्केट’ने वेगळा विचार केला. त्यात कंट्रोलरवरची उजवी दांडी अंगठ्याने खाली ओढली की पडद्यावरचा स्केटर गुडघ्यांत वाकतो, आणि तीच दांडी झटकन वर सोडली की ऑली होते. सरळ वर न नेता तिरकी झटकली की फळी हवेत स्वतःभोवती फिरते. दांडी दर क्षणी कोणत्या दिशेला किती कलली आहे याचे आकडे गेम वाचत राहतो आणि त्या आकड्यांच्या वाटेवरून खेळाडूच्या मनातली करामत ओळखतो.

माझ्या मते या मालिकेची खरी हुशारी इथे आहे. अंगठ्याला जी हालचाल करावी लागते तिचा ताल खऱ्या ऑलीचाच आहे: वाकणे, क्षणभर दबून राहणे, मग झटका. पाय आणि फळी यांच्यातल्या घर्षणाचे इमानदार गणित मात्र असा गेम करत बसत नाही, आणि करूही नये. खऱ्या आयुष्यात सपाट जमिनीवरची साधी ऑली जमायला नवशिक्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. बुटाचा कोन दोन अंशांनी चुकला म्हणून पडद्यावर दोनशे वेळा आपटायला कोणी पैसे मोजणार नाही. म्हणून पाय फळीला धरून ठेवण्याचे काम पडद्याआड संगणक करतो आणि आधी तयार केलेल्या शरीरहालचाली त्यावर बसवल्या जातात. तोल गेला की मात्र हे लाड संपतात: मग शरीर म्हणजे सांध्यांनी जोडलेले निर्जीव तुकडे, आणि ते पायऱ्यांवरून जसे गडगडतील तसे गडगडू दिले जातात.

फळीची पुढची अडचण काळाची आहे. निसर्गात काळ अखंड वाहतो. संगणक तो तुकड्यांत मोजतो. सेकंदाचे साठ तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यात गेम फळीची जागा आणि वेग नव्याने काढतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये काय घडले ते त्याच्या दृष्टीने घडलेलेच नसते. ताशी २९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे आठ मीटर वेगाने जाणारी फळी एका तुकड्यात तेरा सेंटिमीटर पुढे सरकते. ज्या लोखंडी कठड्यावरून तिला घसरत जायचे आहे त्याची जाडी मात्र जेमतेम पाच सेंटिमीटर असते. म्हणजे एका क्षणी फळी कठड्याच्या अलीकडे, पुढच्या क्षणी पलीकडे, आणि टक्कर झाल्याची कुठे नोंदच नाही! हे टाळण्यासाठी दोन क्षणांमधला सबंध मार्ग एखाद्या बोगद्यासारखा गृहीत धरून त्यात काही आडवे येते का हे तपासतात, किंवा वेगवान वस्तूंसाठी काळाचे आणखी बारीक तुकडे करतात. दोन्ही उपायांत संगणकावरचा भार वाढतो.

याच्या उलट घोटाळाही होतो. टक्कर उशिरा लक्षात आली, तर तोवर फळीचा कोपरा भिंतीत शिरलेला असतो. दोन घन वस्तू एका जागी असू शकत नाहीत हा नियम पाळण्यासाठी गेम त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. त्या जितक्या खोल रुतलेल्या, तितका धक्का मोठा. त्यातच स्केटरचा हात एका फटीत आणि पाय दुसऱ्या फटीत अडकला, की हे धक्के प्रत्येक तुकड्याला साचत जातात आणि माणूस बघता बघता इमारतींच्या वर भिरकावला जातो. ‘स्केट ३’ अशा उड्डाणांसाठी इतका प्रसिद्ध झाला की गेम जुना झाल्यावरही यूट्यूबवर त्यांच्या चित्रफिती आवडीने पाहिल्या जात होत्या. पुढच्या भागाच्या निर्मात्यांसमोर त्यामुळे जरा विचित्र पेच असतो, कारण यांतले सगळेच दोष दुरुस्त केले तर चाहते खट्टू होतील.

नव्या भागात आणखी एक गोष्ट आली आहे. सॅन व्हॅन्स्टरडॅम या त्याच्या काल्पनिक शहरात एका सर्व्हरवर एकाच वेळी दीडशे खेळाडू वावरू शकतात. इथे भौतिकशास्त्राचा एक असा नियम आडवा येतो की ज्याच्याशी तडजोड करता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईतल्या खेळाडूचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर जाऊन येऊन साधारण आठ हजार किलोमीटर होतात, म्हणजे अगदी सरळ तार टाकली तरी चाळीस मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात याहून जास्तच. ऑलीला अंगठ्याचा झटका आणि फळीचा ठोका यांतले अंतर एवढे वाढले तर ती अंगठ्याखालची जाणीवच जाते. म्हणून अशा खेळांत सहसा आपल्या फळीचे गणित आपल्याच यंत्रावर ताबडतोब केले जाते, आणि इतरांचे स्केटर मात्र थोडे भूतकाळातले, मिळालेल्या नोंदी जोडून दाखवले जातात. शेजारून झेपावलेला मित्र आपल्याला दिसतो तिथे त्या क्षणी नसतो.

शेवटी, फिरणाऱ्या फळीबद्दल. कोणत्याही घन वस्तूला तीन अक्षांभोवती फिरवता येते. लांबीच्या अक्षाभोवती फळी फिरवणे, म्हणजे ‘किकफ्लिप’, सर्वांत सोपे, कारण तिथे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवण्याला वस्तू करते तो विरोध, सर्वांत कमी असते. उभ्या अक्षाभोवती, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरवताना ते सर्वांत जास्त असते, आणि तिथेही फिरणे स्थिर राहते. मधल्या, म्हणजे रुंदीच्या अक्षाचे तसे नाही. गादीशेजारी उभे राहून मोबाइल समोर उभा धरावा आणि वरचे टोक खाली येईल अशी कोलांटी देत हवेत उडवावा (कव्हर घालून, आणि शक्यतो स्वतःचाच). कितीही काळजी घेतली तरी तो मध्येच कूस बदलतो. १९८५ साली सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमिर जानिबेकोव्ह यांना सल्यूत ७ स्थानकावर बोल्टवरचा एक पंखांचा नट असाच ठरावीक अंतराने उलटताना दिसला होता. फळीला पुढून मागे अशी कोलांटी देऊन पायांवर परत आणण्याची ‘मॉन्स्टर फ्लिप’ म्हणून ओळखली जाणारी करामत अतिशय अवघड आहे, ती याच कारणाने.

गमतीची गोष्ट अशी की गेमच्या जगात हे कूस बदलणे आपोआप येत नाही. ते ज्या पदामुळे होते ते समीकरणात ठेवले, तर काळाच्या ठोकळ तुकड्यांमुळे आकडेमोड बिघडून वस्तू भलत्याच वेगाने गरगरू लागण्याचा धोका असतो. म्हणून अनेक गेममध्ये वापरल्या जाणाऱ्या फिजएक्स या इंजिनात, म्हणजे भौतिकशास्त्राचे गणित करणाऱ्या तयार प्रणालीत, ते पद मुळात बंद ठेवलेले असते आणि हवे असल्यास वेगळे चालू करावे लागते. ते बंद असेल तर त्या जगात मॉन्स्टर फ्लिप ही सर्वांत सोप्या करामतींपैकी एक ठरते.